कोण कोणात? एका इंग्रजी क्रियापदाचं जर्मन करताना

पहिला ईमेल गुरुवारी दुपारी आला. पुण्यात आमची जेवणं आटोपली होती, जर्मनीत सकाळची कॉफी चालू असावी. विषयात एकच शब्द होता, 'डुब्लेटे'. म्हणजे दुहेरी नोंद. खाली दोन ओळी: ग्राहक क्रमांक अमुक आता दिसत नाही, तो मी पुसलेला नाही, कृपया बघा. सोबत एक स्क्रीनशॉट जोडला होता. चूक त्या स्क्रीनशॉटमध्येच होती आणि ती माझी होती. पण ती दिसायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

काम नेहमीचंच होतं. इथल्या एका छोट्या कंपनीने ग्राहकांच्या नोंदी, बिलं आणि वसुली सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं आणि ते जर्मनीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याला विकलं होतं. व्यवसाय यंत्रांच्या सुट्या भागांचा. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर जर्मनमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. अकराशेच्या आसपास ओळींची एक्सेल शीट, तीन रकाने: किल्ली (म्हणजे प्रोग्राममध्ये त्या ओळीला दिलेलं नाव), इंग्रजी, जर्मन. तिसरा रकाना भरायचा आणि शब्दांच्या हिशोबाने बिल लावायचं. कुठली ओळ कुठल्या पडद्यावर दिसणार हे सांगणारा चौथा रकाना नव्हता. मी तो मागितलाही नाही. हे आधीच कबूल करून टाकते.

त्या शीटमध्ये 'मर्ज' हा शब्द एकटाच एका ओळीत होता. मी समोर लिहिलं 'त्सुझामेनफ्यूरेन' आणि पुढच्या ओळीवर गेले. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील.

शब्द म्हणून त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. 'त्सुझामेन' म्हणजे एकत्र, 'फ्यूरेन' म्हणजे नेणे, पुढे होऊन वाट दाखवणे. दोन नोंदी, दोन फायली, दोन प्रवाह एकत्र आणायचे असले की जर्मन सॉफ्टवेअरमध्ये हाच शब्द येतो. कुणीही परीक्षकाने पूर्ण मार्क दिले असते.

बटण

संध्याकाळी ईमेल पाठवणाऱ्या बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. वसुली विभागात वीस वर्षं काढलेल्या, मूळच्या लाइपत्सिगच्या. बोलणं एकदम नेटकं. त्यांनी पडदा दाखवला आणि कर्सर एका बटणावर नेऊन ठेवला.

"तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, "त्सुझामेनफ... आणि तीन टिंबं."

"मग मला सांगा, पुढे काय आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंग्रजी 'मर्ज' पाच अक्षरांचा आणि बटण त्याच्या मापाने शिवलेलं. त्सुझामेनफ्यूरेन रोमन लिपीत १४ अक्षरांचा. बटणात नऊ अक्षरं मावली आणि पुढे टिंबं आली. आता जर्मन भाषेत पहिली नऊ अक्षरं हुबेहूब तीच असलेलं आणखी एक क्रियापद आहे, आणि तेही रोजच्या वापरातलं: 'त्सुझामेनफासेन'. अर्थ सारांश काढणे, थोडक्यात मांडणे. तेही मोजून १४ अक्षरांचं. म्हणजे बटणाच्या लांबीवरूनही अंदाज बांधायची सोय नाही.

बाईंच्या समोर एकाच ग्राहकाचे दोन क्रमांक होते. एक जुना, एक कुणीतरी घाईत नव्याने उघडलेला. दोन्हींवर मिळून येणं किती आहे ते त्यांना बघायचं होतं. दोन्ही नोंदींवर टिचकी मारली आणि बटण दिसलं 'त्सुझामेनफ...'. सारांश हवाच होता, त्यांनी दाबलं. मग खिडकी आली: 'म्योष्टेन झी फोर्टफारेन?' पुढे जायचंय का? हेही माझंच. इंग्रजीत जे होतं त्याचं चोख जर्मन. सारांश बघायला पुढे जायला कोण नाही म्हणेल? त्यांनी 'या' दाबलं.

जुना क्रमांक गेला. त्याबरोबर त्या ग्राहकाशी ठरलेली पैसे द्यायची मुदत गेली आणि 'स्कोंटो'ही गेला. स्कोंटो म्हणजे लवकर पैसे भरले तर बिलातून मिळणारी सूट, जर्मन व्यापारातली फार जिव्हाळ्याची गोष्ट. ती लेखी ठरलेली होती आणि जुन्या नोंदीवरच टाकलेली होती. नवीन नोंदीवर सगळं कोरं. सॉफ्टवेअरने कोऱ्या नोंदीला मुख्य मानलं, कारण बाईंनी तिच्यावर आधी टिचकी मारली होती. उलट फिरवायची सोय नव्हती. रात्रीच्या बॅकअपमधून ती नोंद परत काढावी लागली.

डेव्हलपर मुलगा शांत होता. "मॅडम, बटण रुंद करून टाकतो. झालं." मलाही तेव्हा तसंच वाटलं. भाषांतर बरोबर, माप चूक. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसरा ईमेल

बारा-तेरा दिवसांनी पुन्हा त्याच बाई. या वेळी प्रकरण वसुलीच्या पत्रांचं. काही ग्राहकांची बिलं थकलेली असूनही त्यांना 'मानुंग', म्हणजे आपल्याकडचं स्मरणपत्र, गेलंच नव्हतं. शोधल्यावर कळलं की हे ग्राहक 'निष्क्रिय' यादीत होते आणि निष्क्रिय असण्याचं कारण म्हणून रकान्यात लिहिलं होतं 'त्सुझामेनगेफ्यूर्ट'. एकत्र केलेलं.

त्यांच्या विभागातल्या माणसाने ते जसं वाचायचं तसंच वाचलं. ही दुहेरी नोंद होती, कुणीतरी साफसफाई केली, बिलं दुसऱ्या क्रमांकावर गेली असतील. मागच्याच पंधरवड्यात तर या शब्दावरून एवढा गोंधळ झाला होता, त्यामुळे शब्द सगळ्यांच्या ओळखीचा झालेला. त्याने त्या यादीकडे पाहिलंच नाही.

पण या नोंदी दुहेरी नव्हत्या. त्या ग्राहक कंपन्याच दुसऱ्या कंपन्यांमध्ये विलीन झाल्या होत्या. खऱ्याखुऱ्या, कायद्याने, नोंदणीसकट. इंग्रजीत दोन्हींना 'मर्ज्ड' म्हणतात आणि डेव्हलपरने दोन्हींसाठी एकच किल्ली वापरली होती. शब्द एक, ओळ एक, भाषांतर एक.

ही सवय प्रोग्रामरांमध्ये सर्रास असते आणि तिच्यामागचा विचार वाईट नसतो. एकच शब्द दहा वेळा भाषांतर करून कशाला घ्यायचा? भाषांतराच्या कामात खूप वापरली जाणारी 'गेटटेक्स्ट' नावाची व्यवस्थासुद्धा मुळात असंच करते. इंग्रजी मजकूर सारखा असेल तर ओळ एकच. अर्थ वेगळे असतील तर प्रत्येकाला संदर्भाची चिठ्ठी लावायची सोय तिच्यात आहे. पण ती चिठ्ठी लावायची की नाही हे ठरवतो इंग्रजीत विचार करणारा माणूस, आणि त्याला दोन अर्थ दिसतच नाहीत, कारण त्याच्या भाषेत तो एकच शब्द असतो.

मी डेव्हलपरला म्हटलं, "बटण राहू दे. ही किल्ली कुठेकुठे लावलीस ते सगळं काढून दे."

त्याने शोध चालवला आणि चॅटवर यादी टाकली. सात ठिकाणं.

सात ठिकाणं

सातही ठिकाणं सारखी महत्त्वाची नव्हती. दोन तर पाच मिनिटांत मिटली. तक्त्यातल्या शेजारच्या चौकटी जोडून एक करायच्या, तिथे जर्मन 'फेरबिंडेन' म्हणतात, जोडणे, बांधणे. एक्सेलच्या जर्मन आवृत्तीत तेच आहे, त्यामुळे वाद नाही. आणि ग्राहकांची नावं-पत्ते एकाच मसुद्यात ओतून शेकडो पत्रं काढायची, ज्याला आपण सगळे 'मेल मर्ज' म्हणतो, त्याला जर्मनमध्ये एकत्र करण्याशी काही देणंघेणंच नाही. ते 'झेरिएनब्रीफ'. पत्रांची मालिका. इंग्रजी माणसाला मसुदा आणि पत्ते यांचं मिलन दिसलं, जर्मन माणसाला त्यातून बाहेर पडणारी चळत दिसली. मला इथे जर्मन माणूस जास्त पटतो.

तिसरं ठिकाण नव्या आवृत्तीबरोबर जाणारी टिपणं. त्यात 'अमुक सुधारणा मर्ज केली' असं लिहिलेलं. इथे मर्ज म्हणजे प्रोग्रामरांचं, कोडच्या दोन फांद्या एक करणं. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीच्या जर्मन भाषांतरात याचा एक छोटा इतिहासच सापडतो. जुन्या संदेशांत अस्सल जर्मन 'त्सुझामेनफ्यूरुंग' होतं आणि 'कमिट'साठी 'आइनट्रागेन', नोंदणे. पुढे भाषांतरकारांनी हात टेकले. आता गिट जर्मनमध्येही 'मेर्ज' आणि 'कोमिटेन' म्हणतं. कारण ऑफिसात कुणी तसं 'आइनट्रागेन' बोलतच नव्हतं. इंग्रजी क्रियापदाला जर्मन प्रत्यय लावले की 'मेर्गेन' होतं, भूतकाळात 'गेमेर्ग्ट'. लिहिताना ते 'गेमेर्क्ट'च्या, म्हणजे 'लक्षात आलं'च्या, एका अक्षराने शेजारी बसतं. बोलताना इंग्रजी उच्चार करतात म्हणून घोटाळा होत नाही. मला हा शब्द आवडत नाही, पण प्रोग्रामरांसाठी लिहिताना मी तोच वापरते. वसुलीच्या बाईंना मात्र त्या टिपणांत तो दिसायचं कारण नव्हतं. ती ओळ काढूनच टाकली.

चौथं, किंमतयाद्या. उत्पादकाकडून नवीन यादी आली की ती जुन्या यादीवर चढवायची. डेव्हलपरने पहिल्या गोंधळानंतर उत्साहाने हे एक स्वतःच सुधारलं होतं. एका ऑनलाइन अनुवादकाकडून 'मिशेन' हा शब्द आणून चिकटवला होता. म्हणजे मिसळणे. त्याच्याकडे त्याचं समर्थनही तयार होतं: दोन क्रमवार याद्या एक करण्याची जी पद्धत कॉलेजात शिकवतात, मर्ज सॉर्ट, तिला जर्मन पुस्तकांत 'मिसळून क्रम लावणे' म्हणतात. हे खरं आहे. जुन्या काळी दोन क्रमवार गठ्ठे एकात घालणारं पंचकार्डांचं यंत्रही 'मिशर'च होतं. गंमत अशी की पत्ते पिसण्यालाही जर्मनमध्ये 'मिशेन'च म्हणतात. एकाच क्रियापदाने दोन क्रमवार गठ्ठे नीट लावूनही होतात आणि लावलेला गठ्ठा विस्कटूनही होतो. किंमतयादीच्या बटणावर तो शब्द पाहून बाईंनी एवढंच लिहिलं, "आम्ही किमती पिसत नाही." तिथे मी 'प्रायझे यूबरनेमेन' केलं, किमती घेणे, स्वीकारणे. कारण प्रत्यक्षात होतं तेच. नवीन किंमत येते, जुनी जाते. मिसळत काहीच नाही.

पाचवं आणि सहावं म्हणजे दोन्ही भांडणांची मुळं, दुहेरी नोंद आणि विलीन झालेली कंपनी. सातवं ठिकाण कुठल्यातरी जुन्या पडद्यावर होतं जो आता कुणालाच दिसत नव्हता. तो पडदा आजही तसाच आहे.

कंपनी विरघळते तेव्हा

कंपन्यांच्या बाबतीत जर्मन भाषेत एक नाही, तीन शब्द आहेत आणि तिन्हींची दारं वेगळी. वर्तमानपत्र 'फुझिओन' म्हणतं. स्पर्धा कायदा आणि तो राबवणारं बॉनचं सरकारी कार्यालय, बुंडेसकार्टेलआम्ट, एखादा व्यवहार तपासतं तेव्हा कागदावर 'त्सुझामेनश्लुस' असतो. युरोपच्या २००४ च्या १३९ क्रमांकाच्या नियमावलीच्या जर्मन नावातही हाच शब्द आहे. त्यात नुसता ताबा घेणंही येतं. दोन कंपन्या दोनच राहिल्या तरी त्सुझामेनश्लुस होऊ शकतो. आणि कंपनी खरोखर नाहीशी होऊन दुसरीत जाते तेव्हा कायद्याचा शब्द 'फेरश्मेल्त्सुंग'. शब्दशः विरघळून, वितळून एक होणे. धातू वितळतो तेच क्रियापद.

१ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या 'उमवांडलुंग्सगेझेट्स' या कंपन्यांच्या रूपांतराच्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात याच्या दोन तऱ्हा दिल्या आहेत. एक 'आउफनामे', सामावून घेणे. एक कंपनी दुसरीत जाते, दुसरी आपल्या नावानिशी राहते. दुसरी 'नॉयग्रुंडुंग'. दोन्ही जातात आणि तिसरी नवीनच जन्माला येते. विसाव्या कलमात परिणाम सांगितलेत. नोंदवहीत नोंद झाली की गेलेल्या कंपनीची मालमत्ता देण्यांसकट राहिलेल्या कंपनीकडे जाते आणि गेलेली कंपनी संपते.

देण्यांसकट. आमच्या प्रकरणाची किल्ली तीच होती. दुहेरी नोंद साफ करणं म्हणजे कारकुनी, बाहेरच्या जगात काहीच बदलत नाही. फेरश्मेल्त्सुंगमध्ये मात्र पत्र कुणाला पाठवायचं हेच बदलतं. जुन्या कंपनीला मानुंग पाठवणं म्हणजे पत्ता नसलेल्या माणसाला हाक मारणं. नव्या कंपनीला पाठवायला हवं, कारण कर्ज आता तिचं आहे. म्हणजे बाईंना एका रकान्यात कारण पाहिजे होतं आणि लगेच पुढे वारसाचं नाव.

कायद्याच्या भाषेत मला इथे आणखी एक गोष्ट सापडली आणि या सगळ्या प्रकरणातली माझी खरी कमाई तीच. जर्मन वकील 'अ ही ब शी वितळली' एवढ्यावरच थांबत नाहीत. ते लिहितात 'अ ही ब वर वितळवली'. शब्दयोगी 'आउफ', म्हणजे वर, आणि पुढे द्वितीया. एवढ्या एका अक्षरभर शब्दाने सगळं सांगून होतं. जी 'वर' आहे ती राहते.

आता आमचं बटण बघा. त्सुझामेनफ्यूरेन आपल्याबरोबर 'मिट' आणतं, म्हणजे 'शी'. अ ब शी एकत्र नेली. किंवा 'उंड', अ आणि ब. कोण राहिलं? शब्द बोलतच नाही. उलट तो शब्द जर्मन कानाला भलतंच आश्वासन देतो. पुण्यातल्या कितीतरी घरांना हा शब्द व्हिसाच्या कागदांवरून पाठ असतो: 'फामिलिएनत्सुझामेनफ्यूरुंग', कुटुंब एकत्र आणणे. नवरा तिकडे नोकरीला, बायको इकडे जर्मनची ए-वन परीक्षा देते आहे, मग एक दिवस फ्रांकफुर्टच्या विमानतळावर दोघं भेटतात. २००३ च्या युरोपीय निर्देशाच्या जर्मन नावातही हाच शब्द आहे. त्या एकत्र येण्यात दोघंही शाबूत असतात! कुणी पुसलं जात नाही. असा प्रेमळ शब्द मी एका पुसणाऱ्या बटणावर लावला होता.

त की शी

हे सगळं डेव्हलपरला इंग्रजीत समजावून सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "पण मॅडम, मर्ज म्हणजे मर्जच ना." मग मी मराठीत विचारलं.

"मला एवढंच सांग. कोण कोणात जातं?"

तो थांबला. "म्हणजे... दुसरी नोंद पहिलीत जाते."

"पहिलीशी नाही?"

"नाही, पहिलीत."

मराठीत 'त' आणि 'शी' यांत फरक करायला कुणाला शिकवावं लागत नाही. बँक दुसऱ्या बँकेत विलीन होते. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झालं. २०२१ मध्ये एसटीचे कर्मचारी संपावर गेले तेव्हा मागणी होती महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. यांतल्या कुठल्याही वाक्यात कोण राहणार हे विचारावं लागत नाही, सप्तमीच्या त्या एका प्रत्ययात ते आलेलं असतं. इंग्रजीत 'इन्टू' आहे, पण बटणावर एकटं क्रियापद लिहिताना ते गळून पडतं. मराठीत गळत नाही, कारण प्रश्नच प्रत्ययासकट येतो. मी वीस वर्षं जर्मन शिकवते-लिहिते आणि इतकी वर्षं मराठी हे माझं घरचं कापड समजत होते. इथे ते मोजपट्टी म्हणून कामाला आलं.

तर मग शब्द कुठला? माझा पहिला प्रस्ताव होता 'यूबरफ्यूरेन', एकीकडून दुसरीकडे नेणे, आणि पुढे 'इन', म्हणजे 'त'. दिशा स्वच्छ. बाईंनी उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला, त्यांच्याकडून आलेला तो एकमेव. मग फोन केला. म्हणाल्या, यूबरफ्यूरेन म्हणजे पोलिसांनी गुन्हा शाबीत करणं, किंवा प्रेत एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं. "आमच्या ग्राहकांचं यातलं काय झालंय?" कागदोपत्री शब्द चालतो, हे त्यांनाही माहीत होतं. पण वसुली विभागात रोज सकाळी तो बटणावर बघायचा नव्हता.

मी 'फेरआइनिगेन' सुचवलं, एक करणे. यावर त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तो देशासाठीचा शब्द आहे."

इथे थोडं थांबते, कारण लाइपत्सिगच्या बाईंनी हे म्हणणं म्हणजे नुसती चव नव्हे. १९९० साली दोन जर्मनी एक झाले त्याला जग एकीकरण म्हणतं, जर्मनही 'वीडरफेरआइनिगुंग' म्हणतात. पण कायद्यात तेव्हा दोन वाटा होत्या. पश्चिम जर्मनीच्या ग्रुंडगेझेट्सच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, १४६ व्या कलमाने दोघांनी मिळून नवीन राज्यघटना करायची, किंवा २३ व्या कलमाने पूर्वेने आहे त्या व्यवस्थेत सामील व्हायचं. वाट दुसरी घेतली गेली. शब्द 'बायट्रिट', सामील होणे. ३१ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या, ३ ऑक्टोबरला पूर्व जर्मनी हे राज्य उरलं नाही. नॉयग्रुंडुंग नाही, आउफनामे. आणि त्याही आधी, एप्रिल १९४६ मध्ये, सोव्हिएत ताब्यातल्या भागात सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट पक्ष एक करण्यात आले, तेव्हा नाव 'फेरआइनिगुंग'च दिलं होतं. आज त्याला अनेक इतिहासकार जबरदस्तीचं एकीकरण म्हणतात. फेरआइनिगेन हा शब्द बरोबरी सांगतो आणि हिशोब नंतर दाखवतो. बाई एवढं काही बोलल्या नाहीत. मी तो शब्द खोडला.

नद्यांच्या बाबतीत जर्मन भाषा किती चोख आहे हे मला तेव्हाच आठवलं. मोझेल ऱ्हाईनमध्ये कोब्लेन्त्सला मिळते, तिथे 'म्युंडेन', तोंड लागणे. ऱ्हाईन पुढे ऱ्हाईनच. पण हानोफर्श म्युंडेन या गावी वेरा आणि फुल्डा भेटतात आणि पुढे दोघींचं नाव राहत नाही, नदीला वेझर म्हणतात. तिथे १८९९ चा दगड उभा आहे आणि त्यावर दोघींना चुंबनापायी नावं गमवावी लागल्याचं लिहिलंय. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते ती पहिल्या प्रकारची. आपण मात्र दोन्हीकडे संगमच म्हणतो, तेव्हा फार फुशारकी नको.

शेवटी काय लिहिलं

दुहेरी नोंदींच्या बटणावर 'डुब्लेटेन त्सुझामेनफ्यूरेन' ठेवलं, दोन ओळींत, पूर्ण. शब्द तोच, पण आधी डुब्लेटेन आल्यामुळे सारांशाशी गल्लत होत नाही, आणि जर्मन ऑफिसांत या साफसफाईला असंच म्हणतात. दिशा बटणावर मावत नव्हती, ती पुढच्या खिडकीत नेली. 'पुढे जायचंय का?' काढून टाकलं. आता तिथे एकत्र करण्याचं एकही क्रियापद नाही. दोन ओळी आहेत:

ब्लाइब्ट: १००१७
फेल्ट वेग: १०४८२

राहते. गळते. खाली दोन बटणं: अदलाबदल करा, आणि नोंद १०४८२ बंद करा. 'हो' आणि 'नाही' नाहीत. अदलाबदलीचं बटण बाईंनी सुचवलेलं. मी भाषांतराच्या शीटमधून एका बटणाची मागणी केली, ती ऐकून प्रोजेक्ट मॅनेजरने आधी विचारलं की याचं बिल कुणाच्या नावे टाकायचं.

निष्क्रिय ग्राहकांच्या रकान्यात 'फेरश्मोल्त्सेन आउफ' आलं, 'वर वितळलेली', आणि लगेच शेजारी राहिलेल्या कंपनीचा क्रमांक टाकायची चौकट. चौकट कोरी ठेवली तर नोंद निष्क्रिय होतच नाही. दुहेरी नोंदींसाठी वेगळं कारण, 'डुब्लेटे'. मानुंग आता वारसाला जाते.

किल्ली फोडून प्रत्येक जागेसाठी वेगळी केली. शीटमध्ये चौथा रकाना आला: 'कुठे दिसतं'. डेव्हलपर तो मराठीत भरतो, रोमन लिपीत, घाईघाईने. 'दुसरी पहिलीत जाते', 'दोन्ही राहतात फक्त एकत्र दिसतात', 'जुनी किंमत उडते'. जर्मनीहून आलेल्या एका तपासनिसाने हा रकाना पाहून विचारलं की ही कुठली सांकेतिक भाषा. पुढच्या कामात मी फ्रेंच करणाऱ्या सहकाऱ्यालाही तोच रकाना पाठवला. तो सांगलीचा, त्याला अडचण आली नाही.

शेवटच्या कॉलमध्ये मी बाईंना विचारलं, तुमच्या विभागात आपापसात याला काय म्हणता? दोन नोंदी एक करायला?

"त्सुझामेनश्माइसेन," त्या म्हणाल्या. एकत्र फेकून देणे. "पण ते लिहू नका."

मी ते टिपणाच्या रकान्यात लिहून ठेवलं आहे, पुढे 'वापरू नये' असं घालून.